प्लेट कॉम्पॅक्टरचा बेल्ट सारखा तुटतोय? नवीन टाकायच्या आधी हे बघा

पेव्हर ब्लॉकवाले, ड्रेनेज लाईनवाले, प्लिंथ भरणारे, सगळ्यांची प्लेट कॉम्पॅक्टरबद्दल, म्हणजे मुरूम-खडी थरथरवून दाबणाऱ्या मशिनीबद्दल, तक्रार एकच. बेल्ट टाकला की थोड्याच दिवसांत परत तुटतो नाहीतर जळतो, वर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि खाली प्लेट जागेवरच थरथरतेय, पुढे सरकायचं नाव नाही. मग कोणाला तरी गाडीवर पिटाळायचं, नवीन बेल्ट आणायचा, तोपर्यंत मजूर बसून आणि मुरूम सुकत. ज्यांनी एकाच सीझनला तीन-चार बेल्ट बदललेत आणि आता बेल्टची कंपनी बदलून बघू म्हणतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. कंपनी बदलून काही होणार नाही. बेल्ट हा या मशिनीतला मार खाणारा पार्ट आहे, मार देणारा दुसराच कोणीतरी असतो, आधी तो शोधायचा.

मी बोलतोय ते ८०-१०० किलोच्या, फक्त पुढे जाणाऱ्या पेट्रोल प्लेटबद्दल, वर होंडा जीएक्स१६० किंवा त्याच धर्तीचं इंजिन असतं ना, ती. डिझेलची मोठी रिव्हर्सवाली प्लेट वेगळा विषय आहे.

मशीन आतून कशी चालते ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. इंजिनाच्या शाफ्टवर सेंट्रीफ्यूगल क्लच असतो, आत स्प्रिंगने धरलेले ब्रेकसारखे शू असतात, वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घट्ट चिकटतात, मग ड्रम फिरतो. ड्रमवरच बेल्टची खाच. तिथून बेल्ट खाली एक्सायटरच्या पुलीवर. एक्सायटर म्हणजे प्लेटवर बोल्ट केलेला तो बंद डबा, त्यात एका बाजूला वजन असलेला शाफ्ट बेरिंगवर फिरतो, तो फिरला की प्लेट उडते. इंजिन ३६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरतं पण खालची पुली लहान असल्यामुळे एक्सायटर बऱ्याच मशिनींत ५००० ते ६००० ने फिरतो. म्हणजे त्या लहान पुलीवर बेल्ट सारखा घट्ट वाकतोय, आणि तिथे त्याची पकडही कमी, म्हणून घसरायला सुरुवात तिथूनच होते.

आता यातली गोम बघा. पिठाच्या गिरणीत किंवा कॉम्प्रेसरमध्ये दोन्ही पुल्या एकाच फ्रेमवर घट्ट असतात. इथे तसं नाही. वरची पुली इंजिनासोबत वरच्या डेकवर, म्हणजे इंजिन बसवलेल्या फ्रेमवर, डेक चार रबरांवर, आणि खालची पुली थेट उडणाऱ्या प्लेटवर. दोन पुल्यांमधलं अंतर चालू मशिनीत सारखं कमी-जास्त होत असतं. रबर चांगलं असेल तर ते फार थोडं होतं, बेल्टला चालतं. रबर फाटलं, बोल्ट ढिला झाला, इंजिन जरा तिरकं झालं, की सगळा हिशोब बेल्टवर निघतो.

हात लावायच्या आधी एक गोष्ट, आणि हे कृपा करून वाचून सोडून देऊ नका. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा. नुसतं स्विच बंद करून चालत नाही. या इंजिनात स्विच बंद करणं म्हणजे एक वायर बॉडीला अर्थ करणं असतं, ती वायर थरथरून आतून तुटलेली असली तर स्विच बंद दिसतो आणि इग्निशन चालूच असतं. तुम्ही बेल्टमध्ये बोटं घातलेली आणि हेल्परने सहज दोरी ओढली, पुढचं सांगायला नको. बेल्टचं कव्हर काढून चालू मशीन बघायची नाही, "एक मिनिट, कुठे घासतंय ते बघतो" असं म्हणूनही नाही. कव्हर हरवलंय, बोल्ट गेलाय म्हणून तशीच चालणारी मशीन मला साईटवर दिसली की मी आधी ती बंद करायला लावतो. नवीन कव्हर पत्र्याच्या दुकानातूनही वाकवून मिळतं, बोट मिळत नाही.

आता तुटलेला बेल्ट फेकू नका. तोच सांगतो काय झालंय ते. उजेडात धरा आणि आधी बाजू बघा, म्हणजे पुलीच्या खाचेत घासणाऱ्या दोन तिरक्या कडा. त्या काचेसारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील, आतल्या बाजूला आडव्या चिरा असतील, जळक्या रबराचा वास असेल, तर बेल्ट घसरत होता आणि तापत होता. कारणं तीन, बेल्ट ढिला, रेस अर्धी, किंवा खाली एक्सायटर जड फिरतोय. एकाच बाजूची कड झिजलीय आणि तिथून दोरे बाहेर आलेत, दुसरी कड चांगली, तर पुल्या एका रेषेत नाहीत, हे डोळे झाकून समजा. बेल्ट फुगलाय, मऊ चिकट झालाय तर ऑइल लागतंय, मग एक्सायटरच्या शाफ्टचं सील बघा, इंजिनाचं सील बघा. आणि बेल्ट नवाकोरा दिसतोय पण एका ठिकाणी ताडकन तुटलाय, तर एकतर मधे खडा अडकला, नाहीतर खालचा शाफ्ट अचानक जाम झाला, नाहीतर बसवताना कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून जबरदस्तीने पुलीवर चढवलाय. हे शेवटचं फार चालतं. स्क्रू ड्रायव्हरने चढवताना बेल्टच्या आतले दोरे तिथेच तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी बेल्ट बरोबर त्या जागी तुटतो. इंजिन ढिलं करून पुढे सरकवा, बेल्ट हाताने बसला पाहिजे.

अजून एक प्रकार असतो, बेल्ट बारीक होऊन खाचेत खोल बसलेला. चांगला बेल्ट पुलीच्या काठाच्या जवळपास लेव्हलला असतो. तो खाली गेला असेल आणि खाचेचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय, कडांनी पकडत नाहीये. अशा वेळी नवीन बेल्ट टाकून बघा, तोही तसाच खोल बसला तर पुली झिजली, पुलीच बदला.

आता सगळ्यात मोठं कारण. अर्धी रेस.

हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण ऑपरेटरला पटत नाही. अर्ध्या रेसवर मशीन हळू चालते, आवाज कमी, पेट्रोल कमी, सोसायटीतले लोक ओरडत नाहीत, मग वाईट काय? वाईट हे की क्लच पूर्ण पकडायला वेग लागतो. कमी वेगात शू ड्रमला टेकतात पण घट्ट धरत नाहीत, घासत राहतात. घासलं की ड्रम तापतो, आणि बेल्ट कुठे बसलाय तर त्याच ड्रमवर. म्हणजे बेल्ट आतून भाजत राहतो, कडक होतो, कडक झाला की पकड जाते, पकड गेली की अजून घसरतो आणि अजून तापतो. ड्रम काढून बघा, निळसर-जांभळे डाग दिसले तर मशीन अर्ध्या रेसवर चाललीय, ऑपरेटर काहीही सांगू दे. क्लचचे शूही त्यातच जातात आणि क्लच बेल्टच्या कितीतरी पट महाग पडतो.

आणि काम तरी होतं का? नाही. एक्सायटरचा जोर वेगाच्या वर्गाने कमी होतो. ३६०० च्या जागी इंजिन २५०० ला चालवलं तर वेग सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला पण जोर राहिला निम्म्यापेक्षाही कमी. १५ किलोन्यूटन जोराची मशीन आणलीय आणि सातच्या आसपासचं काम घेताय. वरून हँडल जास्त हलतं, कारण खालचे रबर पूर्ण वेगाला वरचा भाग शांत ठेवतील असे निवडलेले असतात, कमी वेगाला ते तसं करू शकत नाहीत. संध्याकाळी ऑपरेटरची बोटं मुंग्या येऊन बधीर होतात त्यात याचाही हात असतो. म्हणून सुरू करताना चोक, आयडलवर, म्हणजे रेस न देता, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्यायचं, मग लिव्हर एकदम फुल. थांबायचं असेल तर एकदम आयडल. मधली रेस या मशिनीला नाहीच असं धरा.

लिव्हर फुल आहे पण इंजिन खरंच फुलला जातंय का तेही बघा. रेसची केबल ताणली जाते, एअर फिल्टर मुरमाच्या धुळीने गच्च होतो, आणि ऑपरेटर प्रामाणिकपणे सांगतो की फुलवरच चालवली. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, महाग नाही, तो घेऊन ठेवाच. या इंजिनात फेऱ्याला एक स्पार्क पडतो म्हणून मीटरचं सेटिंग १पी१आर ठेवायचं, दुसऱ्या सेटिंगवर दुप्पट नाहीतर निम्मा आकडा दाखवेल आणि तुम्ही भलतंच शोधत बसाल. पण आकडा कमी आला म्हणून गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग वाकवून रेस वाढवू नका. काही मिस्त्री हे करून देतात, मशीन चार दिवस मस्त उडते आणि मग एक्सायटरचे बेरिंग जातात.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. आयडलवर असताना प्लेट हलली नाही पाहिजे. हलत असेल तर आयडल जास्त ठेवलंय, किंवा क्लचची स्प्रिंग तुटलीय, किंवा ड्रमचा बुश सुकून जाम झालाय. जीएक्स१६० चं आयडल १४०० च्या आसपास असतं. आयडलला चालू लागणारी मशीन धोकादायक आहे, ऑपरेटर हँडल सोडून वळला की ती एकटीच खड्ड्याकडे निघते. तेवढं दुरुस्त केल्याशिवाय कामाला लावू नका.

दुसरं कारण, इंजिनाचे चार बोल्ट. दिवसभर थरथरणाऱ्या मशिनीत बोल्ट ढिला होणारच, तो दोष नाही, न बघणं हा दोष. बोल्टची भोकं लांबट असतात, कारण बेल्ट ताणायला इंजिन सरकवायचं असतं. बोल्ट ढिला झाला की बेल्टच्या ओढीने इंजिन हळूहळू खालच्या पुलीकडे सरकतं, तेही तिरकं, बेल्ट ढिला पडतो आणि रेषाही जाते. दोन्ही आजार एकदम. घट्ट करताना स्टीलची पट्टी किंवा ताणलेला दोरा दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावून बघा, पण ड्रमचा काठ आणि खालच्या पुलीचा काठ सारख्या जाडीचा असेलच असं नाही, म्हणून काठावर विसंबू नका, पट्टीपासून खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. रेषा जुळली, बोल्ट आवळले, की परत एकदा मोजा. शेवटचा बोल्ट आवळताना इंजिन जरासं फिरतं आणि सगळं मुसळ केरात जातं.

ताण किती ठेवायचा? दोन पुल्यांच्या बरोबर मधे अंगठ्याने दाबलं की १० ते १५ मिमी आत गेला पाहिजे, तुमच्या मशिनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. तुटतोय म्हणून तारेसारखा ताणायचा नाही. जास्त ताणला की क्लचचा बुश, इंजिनाचं बेरिंग, एक्सायटरचं बेरिंग, तिघांवर लोड. बोल्टला चांगले स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), आणि आवळून झाल्यावर नटावरून बोल्टवर पेंटने एक रेघ मारा. सकाळी मशीन काढली की नुसती नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना लावून बघत बसायची गरज नाही, सहा सेकंदांचं काम.

रबर माउंटिंगकडे कोणी बघत नाही कारण ते चिखलाने झाकलेले असतात. धुवा आणि बघा. मशीन बंद असताना हँडलचा डेक दोन्ही हातांनी वर उचलून धरा, चारही रबर सारखे ताणले गेले पाहिजेत, एखादं लोखंडी चकतीपासून सुटत असेल तर तिथे काळी फट दिसते. एक फाटलं की बाकीच्या तीनवर लोड आणि डेक एका कोपऱ्यात खाली बसतो, पुली तिरकी, बेल्टची एक कड खलास. बदलताना चारही एकदम बदला, कारण जुनं रबर कडक झालेलं असतं आणि नवीन मऊ, दोन्ही मिसळले की डेक परत तिरकाच. टायरचा तुकडा कापून लावणं किंवा रबर काढून थेट बोल्ट मारणं, दोन्ही करू नका. थेट बोल्ट मारलेल्या मशिनीत पेट्रोलच्या टाकीचे टाके सुटतात, कार्बोरेटरचे नट गळतात, आणि खाली तापलेला सायलेन्सर आहे हे विसरू नका.

एक्सायटर तपासायला बेल्ट काढा आणि खालची पुली हाताने फिरवा. आत एका बाजूला वजन आहे त्यामुळे पुली सोडली की जड बाजू आपोआप खाली आली पाहिजे, थोडी हेलकावत. जिथे सोडाल तिथेच थांबत असेल, किंवा फिरवताना वाळू चावल्यासारखी खरखर लागत असेल, तर बेरिंग गेलेत, आणि अशा मशिनीवर कितीही बेल्ट घाला, जळणारच. पुली हाताने वर-खाली हलवून बघा, खटखट लागली तरी तेच. नवीन बेरिंग घेताना जुन्यावरचा पूर्ण नंबर घेऊन जा, शेवटची अक्षरंसुद्धा. शेवटी सी३ किंवा सी४ लिहिलेलं असेल तर तोच पाहिजे, ती आतली मोकळीक आहे, व्हायब्रेशनमध्ये तापलं की लागते. साधं बेरिंग बसतं तिथे, मापाला एक नंबर बसतं, आणि तापून जाम होतं.

ऑइलचं उलटंच होतं बऱ्याचदा. कमी पडून बेरिंग जातात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक भरपूर ओततात. एक्सायटरमध्ये ऑइल थोडंसंच लागतं. जास्त ओतलं की ते फिरणारं वजन दर फेऱ्याला ऑइल घुसळत बसतं, फेस होतो, डबा तापतो, सील फुटतं, आणि शाफ्ट जड झाल्यामुळे वर बेल्ट घसरतो. नवीन ऑइल टाकल्यापासूनच बेल्ट जळायला लागलेत असं कोणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो, किती ओतलं? मशीन सपाट जमिनीवर ठेवा, लेव्हलचा प्लग उघडा, आणि पुस्तकात सांगितलंय तेवढंच, तोच ग्रेड. काही मशिनींत ऑइल नसून ग्रीस असतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशिनीत किती टाकतात ते विचारून उपयोग नाही. जुनं ऑइल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय, प्लेट प्रेशरने धुताना सीलवर धार मारलेली असते. चमकी, म्हणजे धातूचा बारीक चुरा, निघाली तर बेरिंग किंवा शाफ्ट झिजतोय.

बेल्टच चुकीचा असणं हेही होतं. दुकानदार लांबी बघून देतो. ए सेक्शन १३ मिमी रुंद असतो, बी सेक्शन १७ मिमी, ए च्या खाचेत बी वरच्या वर बसतो आणि बी च्या खाचेत ए तळाला जातो. जुन्या बेल्टचा नंबर पुसला गेला असेल तर पुस्तकातून किंवा डीलरकडून घ्या, अंदाजाने नको. मिळाला की तो नंबर मशिनीच्या कव्हरवर पेंटने लिहून टाका.

मशीन सगळी ठीक आहे तरी बेल्ट जातोय? मग साईटवर या. प्लेट ही खडी, ग्रिट, वाळू, मुरूम अशा दाणेदार मालासाठी आहे. काळ्या मातीत किंवा चिकट शाडूत ती रुतते, बुडाला चिखल चिकटतो, प्लेट उडायची बंद होते, इंजिन ओढत राहतं, बेल्ट घसरतो. विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे हा त्रास जास्त, कारण जमीनच तशी. तिथे रॅमर, म्हणजे जम्पिंग जॅक लागतो, तो ठोकतो. प्लेटने काळी माती दबत नाही, नुसती लिंपली जाते. मुरूमसुद्धा पावसात लगदा झालेला असेल तर थांबा, सुकू द्या. मुठीत दाबून बघा, गोळा झाला पाहिजे, अंगठ्याने दाबला की दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत, हाताला पाणी सुटलं नाही पाहिजे. ही झाली साईटवरची परीक्षा, काम मोठं असेल तर लॅबकडून आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ८ ची कॉम्पॅक्शन टेस्ट आणि भाग २८ ची सँड रिप्लेसमेंट, म्हणजे जागेवर माल किती दबलाय ते मोजायची टेस्ट, करूनच घ्या.

थर १०० ते १५० मिमीचा, या वजनाच्या मशिनीला त्याहून जास्त नको. एकदम फूटभर मुरूम टाकून वरून फिरवली की वरचे चार इंच दगड होतात आणि खालचा पोकळ राहतो, पहिल्या पावसात चर बसतो आणि परत खोदायचं. बरं, थर दबला की नाही ते मशीनच सांगते. आवाज बदलतो, प्लेट पुढे जाण्याऐवजी उड्या मारायला लागते. तिथे थांबा. दबलेल्यावर अजून फिरवलं की तो धक्का मालात जात नाही, परत मशिनीत येतो, आणि मग रबर, बोल्ट, बेल्ट. काँक्रीटवर तर चालू करायचीच नाही. दुरुस्तीनंतर टेस्ट करायची असेल तर जुन्या ट्रकच्या टायरवर ठेवून करा. पेव्हर ब्लॉकवर खाली रबर किंवा पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) पॅड लावूनच, ब्लॉकचे कोपरेही वाचतात आणि मशीनही. ब्लॉकखालची वाळू आधी प्लेटने दाबायची नसते, ती २० ते ४० मिमी सैल पसरायची, ब्लॉक लावायचे, मग वरून प्लेट, आणि जिथे कडेला कर्ब बसलेला नाही तिथून मीटरभर आतच राहायचं.

बेल्टसोबत इंजिनही बंद पडतंय अशी तक्रार असते, त्यात बऱ्याचदा काही बिघाड नसतोच. जीएक्स मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत ऑइल अलर्ट असतो, ऑइल कमी झालं की इंजिन स्वतःच बंद. उतारावर मशीन तिरकी झाली, ऑइल थोडं कमी होतं, झालं. २० अंशांपेक्षा जास्त तिरकी चालवायचीच नाही. ऑइल १०डब्ल्यू-३०, जेमतेम ०.६ लिटर बसतं, पहिल्या २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी. हे होंडाचे आकडे, एअर फिल्टर ते ५० तासांनी साफ करायला सांगतात आणि धुळीत त्याहून लवकर. आपल्याकडच्या मुरमात रोज संध्याकाळी उघडा, दुसरा विचार नको. पेट्रोलबद्दल पण सांगतो, या इंजिनाच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं लिहिलंय आणि पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात मशीन उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून तेही काढा, नाहीतर दसऱ्याला मशीन काढली की जेट चोक.

आता माणसांबद्दल. पेट्रोल इंजिन बंद जागेत चालवू नका, बेसमेंट, पाण्याच्या टाकीचा खड्डा, खोल चर, कुठेच नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं दुखतं, चक्कर येते, आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. एक पंखा लावलाय म्हणून काम होतं असं समजू नका, तिथे इलेक्ट्रिक मशीन किंवा हाताची धुमस. चरात तर दुहेरी धोका, कारण हीच थरथर कडेची माती सैल करते. आयएस ३७६४ प्रमाणे दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार लावायचा असतो. काढलेली माती काठावर रचून ठेवलेली, खाली माणूस मशीन चालवतोय, वरून टँकर जातोय, असं दिसलं तर कोणाचंही काम असो, थांबवा. पाईपवर निदान ३०० मिमी माल हाताने भरून दाबल्यावरच प्लेट उतरवा, आणि उतरवताना वरच्या फ्रेमच्या हुकात दोर घालून, हँडलला धरून नाही. हँडल रबरावर असतं, उचलायला नसतं. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, चहा होईपर्यंत थांबा. कानात प्लग पाहिजेतच, या मशिनी ८५ डेसिबलच्या वर जातात. पायात सेफ्टी शूज, स्लीपरवर प्लेट चालवणाऱ्याला मशीन हातात देऊ नका. हँडल आवळून धरायचं नसतं, नुसतं वळण द्यायला हलकं धरायचं, आणि ऑपरेटर आळीपाळीने बदला. बोटं पांढरी पडायला लागली, थंडीत जास्त दुखायला लागली तर त्या माणसाला त्या मशिनीवरून काढा आणि डॉक्टरकडे पाठवा, ते नंतर बरं होईलच असं नसतं. धूळ उडत असेल तर पाणी मारा, मास्क द्या, दगडाची भुकटी फुप्फुसात राहते.

सगळं जुळवून नवीन बेल्ट टाकला की पहिल्या तासाभराच्या कामानंतर मशीन बंद करून ताण परत बघा, नवीन बेल्ट थोडा लांबतो आणि बसतो, तिथे परत एकदा ताणावा लागतोच. मग दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. त्यानंतरही काढलेल्या बेल्टची कड परत एकाच बाजूने झिजलेली दिसली तर प्लेट उलटी करून बूड बघा, वेल्डिंगला तडा गेलेला असेल किंवा एक्सायटरचा एखादा बोल्ट आतून तुटलेला असेल, तो वरून आवळला तरी फिरतच राहतो. उलटं करायच्या आधी टाकी रिकामी करा, आणि नुसतं मागे-पुढे तिरकं करायचं असेल तर एअर फिल्टरची बाजू वर राहील असं करा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. टूलच्या पेटीत दोन बेल्ट, चार नायलॉक नट, एक स्पार्क प्लग आणि एक्सायटरच्या बोल्टच्या मापाचा पाना ठेवून द्या.